घागरीशेजारचं बोळकं

सायली, निखिल — ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या पप्पांना नाही. देवासमोर बसून मनातल्या मनातही नाही, कारण मनात ती सुरू झाली की मी अर्ध्यावर तोडते आणि उठून कुठलंतरी कपाट आवरायला घेते. आज तोडायची नाही असं ठरवून बसले आहे. बघू.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. निखिल तर अजून मराठी ओळीवर बोट ठेवून वाचतो. पण इंग्रजीत मी याबद्दल एकदा बोलले आहे — एकच वाक्य. पुन्हा त्या भाषेत जायची माझी तयारी नाही.

सायली, मागे तू कॅल्गरीहून फोन केलास. दिवस गेल्याची बातमी दिलीस, आणि मग हसत सांगितलंस, "आजी, डॉक्टरांनी रोहितला चक्क खोलीबाहेर काढलं! आणि मला विचारलं, याआधी कधी काही झालं होतं का, काहीही असेल तर सांग, या खोलीबाहेर जाणार नाही." तुला त्याची गंमत वाटत होती. मीही हसले. मग तू विचारलंस, "माझा ग्रुप निगेटिव्ह, मम्मीचाही निगेटिव्ह होता. तिचं पहिलं बाळ गेलं ते त्यामुळेच ना?"

मी म्हणाले, "हो बाई. त्या काळी सोयी कुठे होत्या."

सोयी होत्या. जळगावला होत्या, धुळ्यालाही होत्या. ते इंजेक्शन औषधाच्या मोठ्या दुकानात फ्रीजमध्ये असायचं. हे माहीत असूनही मी फोनवर तुला खोटं सांगितलं — या वयात, इतक्या सहज, की फोन ठेवल्यावर माझंच मला आश्चर्य वाटलं. इतकं सहज खोटं फक्त सवयीनेच येतं.

मी टापटिपीची बाई, हे तुम्हाला माहीत आहे. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या बरण्या अशा ओळीने असायच्या की शिपाई हात लावायला घाबरायचा. तुम्ही दोघं त्यावरून माझी थट्टा करायचात. पण जिला प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची ते कळतं, तिला एखादी वस्तू कुणाला दिसू नये म्हणून कुठे ठेवायची तेही कळतं — नाही का?

तुमची आई, कल्पना, भडगावजवळच्या खेड्यातली. गिरणेच्या काठी त्यांचा कापूस, थोडी केळी. मॅट्रिक झालेली, घरात अहिराणी बोलणारी. तुमच्या पप्पांनी तिला एका लग्नात पाहिलं आणि हट्ट धरला. मला सून हवी होती इंग्रजी बोलणारी, निदान बी.एस्सी. झालेली. मी होकार दिला, पण तो कसा दिला, ते तिला पहिल्या दिवसापासून कळलं असणार. ती माझ्याशी बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात प्रमाण मराठीत करून घ्यायची. मी ते बघायचे आणि मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवते.

साखरपुडा झाला आणि तिचे आजोबा वारले. त्यांचं वर्ष होईपर्यंत लग्न नको असं त्यांच्याकडच्यांनी ठरवलं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तुमचे पप्पा तेव्हा कामाच्या निमित्ताने त्या बाजूला जायचे. एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पोळ्या लाटत होते. म्हणाले, "आई, कल्पनाला दिवस गेलेत."

यावर साधा उपाय होता. चार माणसांत लग्न लावून टाकायचं. लोक बोलले असते आणि मग दुसऱ्या कुणाबद्दल बोलायला लागले असते. पण आमच्या स्टाफरूममधल्या बायका बोटांवर महिने मोजतील, हे मला सहन होणारं नव्हतं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की हे पोरीच्या अब्रूसाठी आहे. पोरीला मी विचारलं होतं का? नाही. तुमच्या पप्पांना एवढंच म्हणाले, मी बघते, तू पुन्हा हा विषय काढू नकोस.

आमच्याकडे लग्नाआधी बस्ता असतो — लग्नाचे सगळे कपडे एकदम घ्यायला दोन्हीकडची मंडळी कापडाच्या दुकानात जातात. मी भडगावला गेले आणि तिच्या आईला म्हणाले, बस्त्याला अजून वेळ आहे, पण शालू तिच्या पसंतीचा हवा, मी तिला एकटीला धुळ्याला घेऊन जाते. तिची आई भोळी. तिचे डोळेच भरून आले. "विहीणबाई, तुम्ही तं मायपेक्षा जास्त करी राह्यनात!" असं म्हणून तिने माझ्या पिशवीत शेंगदाण्यांची पुडी कोंबली, वाटेत खायला.

जळगावात मला सगळे ओळखत होते, म्हणून धुळं. तिथल्या दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टर वयस्कर होते, सभ्य होते. कल्पनाचं पोट मोकळं करून झाल्यावर ते बाहेर आले आणि मला इंग्रजीत म्हणाले, मुलीचा रक्तगट निगेटिव्ह आहे, इंजेक्शन द्यायला हवं, माणूस पाठवून मागवतो, संध्याकाळपर्यंत थांबा.

ते कशासाठी, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी जीवशास्त्र शिकवत होते. आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल, आणि बाळाच्या रक्ताचे चार थेंब जरी आईच्या रक्तात मिसळले, तरी आईचं शरीर त्या रक्ताला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. ही तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिलं मूल बहुधा सुटतं. दुसऱ्याच्या वेळी मात्र शरीर सज्ज असतं. ते इंजेक्शन ही तयारी होऊच देत नाही — पण ते वेळेत द्यावं लागतं.

मला हे फळ्यावर आकृती काढून सांगता आलं असतं. आणि मी डॉक्टरांना म्हणाले, थांबता येणार नाही, दिवेलागणीच्या आत हिला घरी पोचवायचं आहे. तिसरा तर महिना, मी मनाशी म्हटलं, किती ते रक्त असणार?

तिथून आम्ही खरंच कापडाच्या दुकानात गेलो. रिकाम्या हाताने कशा परतणार? कल्पना गादीवरच्या पांढऱ्या चादरीची कड मुठीत धरून बसली होती. दुकानदार शालूंच्या घड्या उलगडत होता. "सूनबाई काहीच बोलत नाहीत!" तो म्हणाला. मी म्हणाले, "लाजते." आणि चिंतामणी रंगाचा शालू मीच निवडला. लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही तो पाहिला आहे. सायली, तुला तो फार आवडायचा.

लग्न थाटात झालं. वर्षाच्या आत तिला पुन्हा दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. मी ती मोडली. भडगावला काय डॉक्टर असणार, म्हणाले, इथे माझी विद्यार्थिनीच डॉक्टर आहे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. खरं कारण मला ठाऊक होतं — जिथे प्रश्न विचारले जातील, तिथे उत्तर द्यायला मी असायला हवी होते.

आणि तसंच होतं आमच्याकडे. सून डॉक्टरकडे गेली की सासू बरोबर, आणि बोलायचं सासूने. झोप लागते का, उलट्या होतात का, पाळी कधी चुकली — सगळं सासूने सांगायचं, सून शेजारी मान खाली घालून. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सायली, तुझ्या रोहितला खोलीबाहेर काढलं याची तुला गंमत वाटली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

ती डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी, मला बघून उभी राहिली. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायला लागलो. कल्पना मध्ये बसलेली. रक्तगट बघून डॉक्टरने विचारलं, निगेटिव्ह आहे मॅडम, यापूर्वी काही? गर्भपात वगैरे?

मी म्हणाले, "नथिंग, धिस इज हर फर्स्ट."

हे ते वाक्य.

"मग काळजी नाही," ती म्हणाली. पहिलटकरणीला बहुधा काही होत नाही, बाळंत झाल्यावर इंजेक्शन देऊ. तिने पुढची तपासणी लिहून दिली नाही. मॅडम सांगताहेत म्हटल्यावर ती शंका कशाला घेईल?

कल्पनाला इंग्रजी येत नव्हतं. पण 'फर्स्ट' कुणाला कळत नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग स्वतःच्या पायांकडे बघत बसली.

आता जे सांगते ते मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं आहे, म्हणून माझा हात इथे अडखळत नाही — त्याचीच मला लाज वाटते. पोटातल्या बाळाचं रक्त आपल्यासारखं हाडांच्या मगजात तयार होत नाही. मधले महिने ते यकृतात तयार होतं. किती करायचं, कधी करायचं, हे शरीरातलीच काही द्रव्यं ठरवतात. त्यांना रक्तपेशींचे वाढ-घटक म्हणतात. लाल पेशींसाठी आहे ते एरिथ्रोपोएटिन. रक्त कमी पडलं की ते वाढतं आणि पेशी बनवणाऱ्या जागांना सांगतं, अजून करा. मोठ्या माणसात हा निरोप बहुतेक मूत्रपिंडातून निघतो. बाळात तो मुख्यतः यकृतातूनच निघतो, आणि काम करणारंही यकृतच.

आता विचार करा. आईच्या शरीराने त्या परक्या रक्ताविरुद्ध तयार ठेवलेली द्रव्यं बाळाच्या लाल पेशी फोडताहेत. बाळाचं शरीर निरोप पाठवतंय, अजून करा. यकृत करतं. त्याही फुटतात. पुन्हा निरोप, पुन्हा पेशी. घाईत अर्धवट तयार झालेल्या पेशीही रक्तात ढकलल्या जातात. यकृत सुजतं, प्लीहा सुजते. काही महिने चाललं हे — माझ्या घरात, माझ्यासमोर ताटावर बसणाऱ्या मुलीच्या पोटात. मी तिला दुधात केशर घालून द्यायचे. बाहेरून काही दिसत नव्हतं. ज्या एका तपासणीतून ते दिसलं असतं, तिची गरज नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

मुलगा झाला. फिकट, अंगावर सूज असलेला, आणि काही तासांत हळदीसारखा पिवळा. डॉक्टरने त्याच्या पोटावर बोटं टेकवली आणि तिचा चेहरा बदलला. यकृत पार बेंबीपर्यंत आलेलं होतं. ती माझ्याकडे वळली तेव्हा मला सगळं समजलेलं होतं. त्याचं रक्त काढून दुसरं निगेटिव्ह रक्त भरायला हवं होतं. आधी ठाऊक असतं तर रक्त देणारा माणूस गाठून ठेवला असता, त्याआधीच मुंबईला नेलं असतं. पण माहीत कुणाला होतं? मला. फक्त मला. माणसं स्कूटर घेऊन गावभर धावली. एक देणारा मिळाला, पण तो पोचेपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्याजवळ व्हरांड्यात आली. तिचे डोळे सुजले होते. "मॅडम, हे पहिल्या वेळी असं होत नाही. नक्की पहिलंच ना?"

मी म्हणाले, "हो."

"मग मीच तपासायला हवं होतं. निगेटिव्ह दिसल्यावर तपासायलाच हवं होतं. माझी चूक झाली मॅडम."

आणि मी — मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." मी तिला क्षमा केली! ती त्यानंतर फार काळ जळगावात राहिली नाही. का गेली, मी कुणाला विचारलं नाही.

भडगावहून तिची आई आली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. निरोप पोचायच्या आधीच ती एसटीत बसली होती. तिने डबा मांडीवर तसाच धरला आणि मला विचारलं, "विहीणबाई, मनी पोरनं रगतच खराब शे का वो?" मी तिला शास्त्रीय उत्तर दिलं. म्हणाले, खराब नाही, वेगळं आहे, बाळाशी जुळलं नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती मान डोलावत राहिली. मग आमच्या सगळ्या नात्यागोत्यात 'कल्पनाचं रक्तच तसं' हे पसरलं. मी ते कधी खोडलं नाही. तिच्यासमोर कुणी बोललं तरी खोडलं नाही.

तुम्हाला वाटेल, आजीने हेच सांगायचं होतं. नाही. मलाही इतकी वर्षं वाटत आलं की तेच सर्वांत वाईट. पण त्याहून वाईट जे आहे, त्यात एकच शब्द आहे.

बाळाला जाऊन थोडे दिवस झाले होते. दुपारची वेळ. कल्पना मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती, मी शेजारी पेपर तपासत होते. ती खाली बघूनच म्हणाली — आणि या वेळी तिने वाक्य मराठीत करून घेतलं नाही — "आई, पयलाच लई गया त्याले."

पहिल्यानेच नेलं त्याला. धुळ्याला जो टाकून आलो, तो रागावला आणि भावाला घेऊन गेला. असं ती समजत होती. ती माझ्याकडून उत्तराची वाट बघत होती. घरातली शिकलेली मी. रक्त शिकवणारी मी. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: नाही गं, इंजेक्शन राहिलं, ते मी राहू दिलं, आणि मग मी खोटं बोलले. तिला ते नक्की समजलं असतं. ती मूर्ख नव्हती.

मी म्हणाले, "असेल."

आणि पुढचा पेपर घेतला.

पुढे तुम्ही दोघं झालात. ते माझ्यामुळे नाही, डॉक्टरांमुळेही नाही. पप्पांच्या रक्तात दोन्ही प्रकार आहेत, आणि तुम्हा दोघांनाही निगेटिव्हच आलं. आईच्या शरीराला तुम्ही परके वाटला नाहीत, एवढंच. दोन्ही वेळा आईचं रक्त नीट तपासलं गेलं. तोपर्यंत तिचा दोष सर्वांना ठाऊक झाला होता, त्यामुळे 'याआधी काही?' हे मला कुणी पुन्हा विचारलं नाही.

नव्वदनंतर आमच्या अभ्यासक्रमात या वाढ-घटकांवर नवा भाग आला. ती द्रव्यं आता कारखान्यात बनवता येऊ लागली होती. आणि कळू लागलं होतं की ती नुसती रक्तापुरती नसतात. बाळाभोवतीच्या पाण्यात ती सापडतात, बाळ ते पाणी गिळत असतं. आतडी, मेंदू, बाळाची वार — सगळीकडे त्यांचं काहीतरी काम असावं. मी हे उत्साहाने शिकवत होते. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, बाळाला रक्त कमी पडतंय हे आईला कळतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आईला कळत नाही."

"मग कुणालाच नाही?"

मी तिला खाली बसायला सांगितलं. अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नये, म्हणाले.

आता आखाजी. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवतात, हे तुम्हाला आठवत असेल. आणि घागरीच्या शेजारी, जरा बाजूला, मातीचं छोटं बोळकं असायचं. निखिल, तू एकदा विचारलं होतंस, हे कुणाचं? मी म्हणाले होते, पाहुण्यांचं.

ते कल्पना मांडायची. पहिल्यासाठी. गेलेल्या मुलासाठी नाही, लक्षात घ्या — त्याची तिला भीती नव्हती. जो रागावला आहे असं तिला वाटत होतं, त्याच्यासाठी. त्याने तुम्हा दोघांना काही करू नये म्हणून. दर आखाजीला ती कुंभाराकडून घागरीबरोबर एक बोळकं आणायची आणि त्यापुढे हात जोडून उभी राहायची, ओठ हलवत. सगळा संसार तिने त्याची माफी मागत काढला. आणि बोळकं नीट मध्यावर, घागरीला न टेकता ठेवलेलं आहे ना, हे मी बघायचे. ते वाकडं दिसलं तर सरळ करायचे.

ती आजारी पडली, तेव्हा दुपारी माझ्याशिवाय तिच्याजवळ कुणी नसायचं. पुष्कळ दुपारी मिळाल्या. मी तिला औषधं वेळेवर दिली. चादरी बदलल्या. सांगितलं नाही. आता ती नाही, आणि मी तुम्हाला सांगते आहे — जे उघड करायचा हक्क तिचा होता, तेही तिला न विचारता. हेही माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

या आखाजीला पहिल्यांदा तिच्या नावाची घागर होती. मी भरली. पप्पा कुंभाराकडून सवयीने बोळकंही घेऊन आले होते. ते मी हातात घेतलं, आणि घागरीशेजारी मांडलं नाही. त्यात रागावलेलं असं कधी कुणी नव्हतंच.

त्याला पहिल्याने नेलं नाही. मी नेलं.